प्रेरणा, कॉपी आणि बत्तीस ड्रमसेट

मराठी विभागासाठी लेख लिहायला सांगणं ही शिक्षा आहे की सन्मान, हे मला अजून कळलेलं नाही. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीची गाडी 'दीर्घ' हा शब्द दीर्घ लिहायचा की ऱ्हस्व, इथेच अडते. तेव्हा वाचकहो, ज्या शुद्धलेखनाच्या चुका दिसतील त्या माझ्या आणि ज्या दिसणार नाहीत त्या संपादिकाबाईंनी दुरुस्त केलेल्या, असं समजून पुढे वाचा.

विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गेल्या गॅदरिंगला आमची 'बादल्या' नावाची दीड मिनिटाची फिल्म दाखवली, तेव्हापासून मेसच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो. "तुला हे सुचतं कुठून गं?" मी आतापर्यंत "असंच" म्हणून वेळ मारून नेली. पण 'असंच' हे उत्तर खोटं आहे. मला जे काही सुचतं ते बहुतेक वेळा म्युझिक व्हिडिओ आणि चित्रं बघून सुचतं. आता 'बघून सुचणं' वेगळं आणि 'बघून उतरवणं' वेगळं. हा फरक मला फार उशिरा कळला. म्हणून आधी उतरवण्याची गोष्ट सांगते.

फर्स्ट इयरला असताना फेस्टिव्हलमध्ये शॉर्ट फिल्मची स्पर्धा होती. आम्ही चौघींनी हौसेनं नाव दिलं आणि मग चार दिवस डोकं खाजवत बसलो. पाचव्या रात्री फोनवर परदेशातल्या कुठल्याशा विद्यार्थ्याचा व्हिडिओ सापडला. फारसा कुणी पाहिलेला नव्हता. भिंतीवर रंगीत चिकट चिठ्ठ्या लावलेल्या, त्या सरकत सरकत त्यांचा मासा होतो, माशाचं झाड होतं आणि शेवटी झाडाची पानं गळतात. आम्ही हॉस्टेलच्या भिंतीवर तोच मासा, तेच झाड आणि तीच पानगळ केली. रंगांचा क्रमसुद्धा तोच ठेवला. गाणं फक्त बदललं. एकमेकींना सांगितलं, "अगं, हे इन्स्पायर्ड आहे!"

पहिला नंबर आला. ढाल मिळाली आणि दोन हजार रुपये मिळाले, ते त्याच रात्री ढाब्यावर संपले. दुसरा नंबर मेकॅनिकलच्या एका मुलीचा होता. तिच्या फिल्ममध्ये तिची आजी भाकरी थापत होती. फक्त हात दिसत होते आणि थापण्याचा आवाज हेच संगीत. कॅमेरा हलत होता, उजेड कमी होता. परीक्षक म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण सफाई नाही." सफाई आमच्याकडे होती, कारण ती दुसऱ्याची होती.

सेकंड इयरला रूम अलॉटमेंटमध्ये हीच मुलगी माझी रूममेट झाली. सहा-सात महिने एका खोलीत राहिलो, एकीच्या पातेल्यात दोघींची मॅगी झाली. एका रात्री लाइट गेले होते. गप्पा मारता मारता तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हे बघ." तो चिठ्ठ्यांचा मूळ व्हिडिओ होता. संपेपर्यंत दोघी गप्प.

"तुला कधी सापडला?" मी विचारलं.

"निकाल लागला त्याच संध्याकाळी."

म्हणजे वर्षाहून जास्त झालं होतं. "मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगून काय होणार? मला वाटलं, असंच करायचं असतं बहुतेक. मग मी परत काही केलंच नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ते शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. दोन हजार रुपये परत करता येतात. जिनं हातातलं काम सोडून दिलं तिला ते कसं परत करायचं? तेव्हापासून मी व्हिडिओ बघताना एकच गोष्ट शोधायला लागले. खरे कलाकार दुसऱ्याकडून घेतात तेव्हा नेमकं काय घेतात?

कारण घेतात सगळेच. उदाहरणं बघू.

'आ-हा' या नॉर्वेजियन बँडचं 'टेक ऑन मी' हे गाणं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. १९८५ सालच्या त्या व्हिडिओत कॅफेत बसलेली मुलगी पेन्सिलनं काढलेल्या कॉमिक्समध्ये ओढली जाते. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. चित्रं केली मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी. पद्धतीचं नाव रोटोस्कोपिंग. म्हणजे आधी खऱ्या माणसांचं शूटिंग करायचं आणि मग एकेक फ्रेम कागदावर गिरवून काढायची. मॅक्स फ्लायशर यांना या यंत्राचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं होतं. म्हणजे व्हिडिओ आला तेव्हा युक्ती जवळजवळ सत्तर वर्षांची जुनी. तरीही सुमारे ३,००० फ्रेम्स आणि १६ आठवडे लागले. आणि ती थरथरती पेन्सिलीची रेघ आली कुठून? पॅटरसन यांनी विद्यार्थी असताना 'कम्यूटर' नावाची छोटी फिल्म केली होती, तिच्यातून. कॉलेजमधलं सबमिशन असं कामाला आलेलं ऐकून मला फार बरं वाटलं. इथे यंत्र दुसऱ्याचं आहे, पण रेघ स्वतःची आहे.

दुसरं उदाहरण मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाचं. माझ्या मते इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं याचे व्हिडिओ बघावेत. 'डाफ्ट पंक'च्या 'अराउंड द वर्ल्ड' (१९९७) मध्ये त्यानं गाण्यातल्या प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांचा एकेक गट दिला. ड्रम मशिन म्हणजे ममी, गिटार म्हणजे सांगाडे, गाणारा आवाज म्हणजे रोबो. बेस वर-खाली होतो तशी बेसवाली मंडळी पायऱ्या चढतात-उतरतात. आपण गाणं ऐकतो तेव्हा सगळं एकत्र कानावर येतं. इथे ते सुटं करून मांडलंय, एखाद्या यंत्राच्या एक्स्प्लोडेड ड्रॉइंगसारखं.

'केमिकल ब्रदर्स'च्या 'स्टार गिटार' (२००२) मध्ये तर माणूसच नाही. आगगाडीच्या खिडकीतून बाहेरचं दिसतं, बस्स. थोड्या वेळानं लक्षात येतं की खांब, पूल, इमारती बरोबर ठोक्याला येतायत! अमुक आवाज आला की अमुक वस्तू सरकते. गोंद्रीनं हे सगळं आधी ग्राफ पेपरवर आखलं होतं. मग संत्री, काटे, कॅसेट, पुस्तकं, पेले आणि बूट मांडून त्याची तालीम केली. मूळ शूटिंगसाठी दक्षिण फ्रान्समध्ये तोच रेल्वेप्रवास दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दहा वेळा केला, म्हणजे उजेड बदलत जातो. आपण ग्राफ पेपर फक्त प्रॅक्टिकलच्या फाइलला लावतो!

आणि शीर्षकातले बत्तीस ड्रमसेट? ते 'व्हाइट स्ट्राइप्स'च्या 'द हार्डेस्ट बटन टू बटन' (२००३) मधले. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर प्रत्येक ठोक्याला एक नवा ड्रमसेट उगवतो आणि वाजवणारी त्याच्यावर बसलेली असते. अशी रांग लांबत जाते. त्यासाठी एकसारखे ३२ ड्रमसेट गोळा केले होते. जिवंत माणसांना बाहुल्यांसारखं फ्रेम-फ्रेमनं हलवायच्या या पद्धतीला पिक्सिलेशन म्हणतात. तीही जुनीच.

तिसरं उदाहरण आमच्या ईएनटीसीवाल्यांसाठी. 'रेडिओहेड'च्या 'हाउस ऑफ कार्ड्स' (२००८) या व्हिडिओत कॅमेरा वापरलाच नाही. चेहरा आणि रस्ते उजेडाच्या किरणांनी मोजले आणि मिळालेल्या बिंदूंची चित्रं केली. रस्त्यांसाठी गोल फिरणारा ६४ लेझरचा लायडार होता. तत्त्व सोपं आहे. लेझरचा किरण जाऊन आदळून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. वस्तू १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे सुमारे ६७ नॅनोसेकंद. मोजमापाचं उपकरण घेऊन त्यांनी भुरभुरणारा चेहरा काढला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो डेटा त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला, घ्या आणि तुमचं काहीतरी करा म्हणून. दिलेलं घेणं आणि न विचारता उचलणं यातला फरक इथे स्वच्छ दिसतो.

हे सगळं परदेशातलं झालं. पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाचं आहे. दादासाहेब फाळके. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, छायाचित्रण आणि छपाईत मुरलेले, जादूचे प्रयोगही करणारे. १९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आमच्यासारख्या चौघी असत्या तर तोच ख्रिस्त मुंबईत पुन्हा उभा केला असता! फाळक्यांनी पडद्यावर ख्रिस्त पाहिला आणि मनात राम-कृष्ण पाहिले. आपले देव, आपली माणसं अशी पडद्यावर कधी दिसणार, हा प्रश्न तेवढा त्यांनी घेतला. लंडनला जाऊन तंत्र शिकून, कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठराविक वेळानं एकेक फ्रेम घेत रोप वाढताना टिपलं. 'अंकुराची वाढ' हा त्यांचा १९१२ सालचा लघुपट. तो दाखवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. गोंद्रीचे ड्रमसेट आणि फाळक्यांचा वाटाणा एकाच तत्त्वावर उगवतात, हे कळलं त्या दिवशी मी खोलीत अक्षरशः नाचले.

आता या सगळ्यांत समान काय? यांनी पद्धत घेतली, नियम घेतला, प्रश्न घेतला. दुसऱ्याचा मासा कुणी घेतला नाही.

त्यावरून मी स्वतःसाठी बघायची एक रीत ठरवली. प्रॅक्टिकलच्या भाषेत प्रोसीजर म्हणा.

पहिल्यांदा व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा. किती वेळानं चित्र बदलतं, काय हलतं, काय स्थिर राहतं, ते कागदावर लिहायचं. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं गाणं ऐकायचं आणि कोणता आवाज कधी येतो ते लिहायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. कशाला काय जोडलंय ते आपोआप दिसतं.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. फोन बाजूला ठेवायचा. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना स्मरणचित्र असायचं, आठवतंय? समोर काही नसताना नुसतं आठवून काढायचं. तसं एका वाक्यात त्या व्हिडिओचा नियम लिहायचा. अट अशी की त्या वाक्यात व्हिडिओतल्या एकाही वस्तूचं नाव येता कामा नये. 'स्टार गिटार'चं वाक्य होतं, 'आवाज आला की वस्तू आली.' 'अराउंड द वर्ल्ड'चं, 'एक वाद्य, एक जमात.' ड्रमसेटच्या व्हिडिओचं, 'एक ठोका, एक भर.' ही वाक्यं कुणाच्याही गावात नेऊन वापरता येतात. आमच्या पहिल्या फिल्मचं असं वाक्य लिहायला बसले तर मासा, झाड आणि पानं यांच्याशिवाय वाक्यच होईना. तिथेच उत्तर मिळालं. वस्तू काढल्यावर ज्यात काही उरत नाही, ती कॉपी.

चित्रांनाही हे लागू पडतं. वारली चित्र बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं धड होतं. वर वर्तुळ ठेवलं की डोकं. जिव्या सोमा मशे यांनी एवढ्याशा भूमितीत अख्खं मासेमारीचं जाळं धाग्याधाग्यानं उभं केलं. आपण त्यातला तारपा नाच उचलून टी-शर्टवर छापतो आणि वारली झालं म्हणतो. घ्यायचं असेल तर 'कमीत कमी आकारांत जास्तीत जास्त हालचाल' हे घ्यावं आणि वारल्यांचं नाव घेऊन सांगावं.

आता 'बादल्या'. नियम ठरले, पण भरायचं काय? उत्तर रोज सकाळी दारात उभं असायचं. आमच्या हॉस्टेलला पाणी सकाळी सहाला येतं, आणि मुली पाच वाजताच नळासमोर बादल्यांची रांग लावून परत झोपतात. रांगेत बादल्या उभ्या, माणसं अंथरुणात! कुणाची लाल, कुणाची कान तुटलेली, कुणाची नाव कोरलेली. बादली सरकवली म्हणून झालेली भांडणं सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हटलं, या बादल्याच आपली जमात. प्रत्येक बादलीला एक आवाज द्यायचा आणि ठोक्याला तिनं सरकायचं.

ताल कुठला घ्यायचा यावर अडलो. तेव्हा माझी रूममेट पहिल्यांदा बोलली. "आजीचा घेऊ या?" तिच्या त्या जुन्या फिल्ममधला भाकरी थापण्याचा आवाज. आम्ही तो मोजला, मिनिटाला साधारण ११६ ते १२३ थापा भरल्या. कॉम्प्युटरवर किंचित ओढून १२० केला. त्यावर रिकाम्या बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज, कडीचा खणखणाट आणि मेसच्या ताटाचा एक दणका.

आता हिशेब. मिनिटाला १२० ठोके म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. फिल्म सेकंदाला २५ फ्रेम्सनं केली तर एका ठोक्याला साडेबारा फ्रेम्स येतात. अर्धा फोटो कसा काढणार? म्हणून सेकंदाला १२ फोटो ठरवले, म्हणजे ठोक्याला बरोबर ६. दीड मिनिटाचे ९० सेकंद गुणिले १२, झाले १,०८० फोटो. बादली सरकवा, बाजूला व्हा, फोटो काढा, याला एका फोटोमागे २० सेकंद धरले तरी २१,६०० सेकंद म्हणजे पूर्ण सहा तास. हे गणित आधी केलं म्हणून वाचलो, नाहीतर दुपारी रडलो असतो. नवीन मुलींना सांगते, फोनचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. आणि फोन स्टुलाला घट्ट बांधा. आमचा सेलोटेपनं बांधला होता.

एक घोळ मात्र गणितात नव्हता. सहा तासांत सूर्य काही थांबत नाही. सकाळी बादल्यांच्या सावल्या लांबलचक होत्या, दुपारपर्यंत पायाशी आल्या. मी वैतागले. रूममेट म्हणाली, "तुझा तो आगगाडीवाला दहा वेळा गेला तो उजेड बदलावा म्हणून, आणि तू आयता मिळालेला उजेड नको म्हणतेस?" मग आम्ही शॉट क्रमानंच घेतले, आणि आखडत जाणाऱ्या सावल्या फिल्मचं घड्याळ झाल्या.

दुसरा घोळ मावशींचा. आम्ही जेवायला गेलो तेव्हा त्यांनी लाल बादली उचलून जिना धुतला आणि भलतीकडेच ठेवून दिली. फोटो लावून बघितले तर बाकी बादल्या शहाण्यासारख्या सरकतायत आणि लाल बादली एकदम उडी मारून रांगेत पुढे घुसते! गॅदरिंगमध्ये सगळ्यात मोठा हशा तिथेच आला, कारण रांगेत घुसणारी प्रत्येक विंगमध्ये एक असतेच.

फिल्म संपल्यावर पाटी येते. 'पद्धत : मिशेल गोंद्री यांच्या व्हिडिओंवरून. ताल : आजी. लाल बादली : मावशी.' या तीन ओळी लिहिताना मला जितकं हलकं वाटलं तितकं ढाल घेताना वाटलं नव्हतं.

पण जुना हिशेब बाकीच होता. गॅदरिंगनंतर आम्ही चौघी फेस्टिव्हलच्या सरांकडे गेलो आणि चिठ्ठ्यांच्या फिल्मचं खरं काय ते सांगितलं. दोन हजार रुपये नेले होते. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेकॉर्डला गेलेला निकाल मी आता बदलू शकत नाही. पण तुम्ही हे चारचौघांत घेतलंत, तर चारचौघांत सांगा. मासिक निघतंय." तेव्हा हा लेख म्हणजे ते सांगणं आहे. त्या वर्षीचा पहिला नंबर आमचा नव्हता. पैसे सरांच्या सल्ल्यानं जिचे होते तिला दिले. तिनं ते नको नको म्हणत घेतले आणि फोनसाठी एक बरा स्टँड आणला.

सध्या ती तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तो स्टँड लावून रोज अर्धा तास काहीतरी करत बसते. काय चाललंय विचारलं तर म्हणते, "असंच."